चावीवाले मामा

पाणीपुरवठ्याच्या नोकरीत लागले तेव्हा पाईपमधला दाब किती घटतो ते काढायचं हेझन-विल्यम्सचं सूत्र मला तोंडपाठ होतं. पाणी आलं नाही म्हणून घागर आपटत दारात उभ्या राहिलेल्या बाईशी काय बोलायचं, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते मला कोल्हापूरजवळच्या कळंब्यात एका व्हॉल्व्हमननं शिकवलं. कागदोपत्री ते माझ्या हाताखाली होते. गल्ली त्यांना चावीवाले मामा म्हणायची, मीही तेच म्हणू लागले.

सायकलच्या दांडीला टी आकाराची लांब लोखंडी चावी बांधलेली. चेंबरचं झाकण पहारीनं उचलायचं, चावी खाली व्हॉल्व्हवर बसवायची आणि आटे मोजत फिरवायची. हात फिरत असतानाच तोंड चालू. "काकी, आज दोन आटं कमी सोडलंय बगा. रातीला लाईट गेलती, टाकी भरली न्हाई. पयलं प्यायचं भरा, धुणं उद्या काढा." कारण, किती कमी आणि आता काय करायचं, तिन्ही गोष्टी एका दमात. आमच्या खात्यांची प्रकटनं आठवून बघा: तांत्रिक कारणास्तव अपुरा व कमी दाबाने पाणीपुरवठा, नागरिकांनी सहकार्य करावे. कुठली गल्ली, किती वाजता, कशामुळे, काही नाही. सहकार्य तेवढं न चुकता मागितलेलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाचं नाव वर घाला, मजकूर तोच.

कळंब्यात तर पंचाईत आणखी वेगळी. कात्यायनीच्या डोंगराचं पाणी अडवून कोल्हापूर शहराला पाणी देण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेला तलाव इथं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की अर्धं कोल्हापूर भिजायला येतं आणि त्याच आठवड्यात एखादी बाई विचारते, "तलाव भरून वाहतोय, मग आमच्या नळाला गढूळ का?" मी तुरटी, गाळण, क्लोरीन असं सांगू लागले की ऐकणाऱ्याची नजर घड्याळाकडे जायची. मामा त्याच बाईच्या नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचे, क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे आणि नळी तिच्या हातात द्यायचे. पाणी पिवळं व्हायचं. "ह्ये पिवळं म्हंजे औषध हाय. वास येतोय ना, तो त्येचाच. पिवळं झालं न्हाई तर मला हाक मारा, त्या दिवशी उकळून प्या." शेवटचं वाक्य ऐकून मी दचकले होते. पाणी कधी वाईटही येऊ शकतं, हे खात्याच्या माणसानं लोकांना सांगायचं? त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे वॉकर्टनबद्दल वाचलं तेव्हा मामा आठवले. कॅनडातलं छोटं गाव. २००० च्या मे महिन्यात तिथल्या पाण्यात ई. कोलाय जिवाणू सापडले. तपासणीचा अहवाल हातात असताना पाणीपुरवठ्याचा प्रमुख आरोग्य विभागाला पाणी ठीक आहे असं सांगत राहिला. ७ माणसं गेली, दोन हजारांवर आजारी पडली. उकळून प्या, एवढंच वेळेवर सांगायचं होतं.

मामांची खरी कसोटी २०१९ च्या ऑगस्टात लागली. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली आणि नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली. कोल्हापूरकराला फूट कळतात. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे शाळकरी पोरही सांगेल आणि कितव्या फुटाला आपल्या गल्लीत पाणी शिरतं तेही. आम्ही मात्र दशलक्ष लिटर प्रतिदिन असल्या भाषेत बोलतो. एका घराला त्यातल्या किती घागरी, ते कुणी सांगत नाही. पूर ओसरला, ऊन पडलं, तरी नळ कोरडे. लोक चिडले, त्यांचं चुकलं असंही नाही. गाळ काढायचा, मोटारी सुकवायच्या, इन्सुलेशन तपासायचं, पॅनेल बदलायचे, हे बाहेरून दिसतच नाही. टँकरभोवती गर्दी झाली होती तिथं मामा म्हणाले, "मोबाईल पाण्यात पडला तर लगेच चालू करताय व्हय? मोटर बी तसलीच. ओली चालू केली तर जळंल, मग म्हैनाभर बोंबला." रागावलेली माणसं हसली.

"कधी येणार?" याला ते तासाभरात असं कधीच म्हणाले नाहीत. "म्हाईत न्हाई. पर सांजच्याला सांगायला येतो," म्हणायचे आणि यायचे. सांगण्यासारखं काही नसलं तरी यायचे, "अजून न्हाई झालं," एवढं बोलून पुढच्या गल्लीत जायचे. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. पण मामा ज्या गल्ल्यांत जात तिथून कार्यालयावर मोर्चा आला नाही, हे मी स्वतः पाहिलं. त्यानंतर माझ्या प्रत्येक सूचनेत पुढची माहिती किती वाजता देणार, ती ओळ असते. वरिष्ठांनी ती खोडली तरी मी फोनवर सांगते.

२०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाईपलाईननं पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोचलं. वर्षानुवर्षं निवडणुकांत गाजलेली योजना, शहरभर आनंद. निवृत्त मामांचा फोन आला, मला वाटलं अभिनंदनाचा. "मॅडम, पाणी लांबून येतंय. तिकडं लाईट गेली की पंप बंद आन् हिकडं नळ बंद. लोकास्नी आत्ताच सांगून ठेवा, पेढं खात्यात तवरच. मागनं सांगितलं तर सबब वाटंल."