पासोडीवरचे पंचीकरण

मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमारास किनवटच्या सागवानी रानातून माहूरगडाकडे निघालेली मंडळी पाहिली, त्यांच्या तोंडचे दत्तनाम ऐकले, आणि रेणुकामातेपुढे विड्याची पाने, कात, सुपारी खलबत्त्यात कुटून केलेला तांबूल पदर पसरून घेणाऱ्या म्हाताऱ्यांची मुद्रा न्याहाळली, म्हणजे भक्ती हा निव्वळ अंतःकरणाचा उमाळा आहे, तीत बुद्धीला थारा नाही, असे जे सुशिक्षितांकडून वारंवार ऐकू येते, ते क्षणभर खरे वाटू लागते. परंतु याच माहूरच्या डोंगरात ज्या पुरुषाने ऐन तारुण्यात तप केले, त्या दासोपंतांचे चरित्र ज्याने मनोभावे वाचले आहे, त्याला हा समज फार काळ बाळगता येणार नाही.

दासोपंतांचा जन्म १५५१ चा, नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत देशपांडे असल्यामुळे वसुलीचा भार त्यांच्या शिरावर होता; सारा थकला, बेदरच्या दरबारात जाब विचारला गेला, आणि भरणा होईपर्यंत कोवळ्या वयाचा दासो ओलीस राहिला. मुदत टळली तर मुलगा धर्मासह हातचा जाणार, अशा घटकेला दत्तप्रभू पाडेवाराच्या वेषाने आले आणि त्यांनी सरकारी रक्कम चुकती केली, असे परंपरा सांगते. ही कथा ऐकताना श्रोत्यांचे डोळे पाणावतात, माझेही पाणावतात. तथापि मला तीत विशेष हे वाटते की, देवाने बादशहाची मती फिरवली नाही, बंदिखान्याची कुलपे तोडली नाहीत. दफ्तराच्या रिवाजाला धरून तो कचेरीत आला आणि त्याने बाकी बेबाक केली. जेथे करुणा हिशेब मोडीत नाही, पुरा करते, त्या देवाचा भक्त पुढे विचाराचा कंटाळा करील, हे संभवतच नव्हते.

आणि तसेच झाले. सुटकेनंतर दासोपंत माहूरला आले, बारा वर्षे तपात राहिले असे चरित्रकार म्हणतात, आणि अखेर अंबाजोगाईस स्थिरावले. ज्याला प्रत्यक्ष कृपेचा अनुभव आला, त्याने आयुष्यभर पदे गात बसावे, यात कोणाला वावगे वाटले नसते; पदे तर त्यांनी रागदारीत अमाप रचलीच, पण भगवद्गीतेवर जो ‘गीतार्णव’ लिहिला तो सव्वा लाख ओव्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे; ज्ञानेश्वरी सुमारे नऊ हजारांची, एवढे ध्यानी घेतले की त्या परिश्रमाची कल्पना येते. गाणारा आणि भाष्य करणारा असे दोन दासोपंत नव्हते.

पण माझे मन सर्वांत अधिक रेंगाळते ते त्यांच्या पासोडीपाशी. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर त्यांनी पंचीकरण मांडले आहे. विषय रुक्ष म्हणावा असाच: प्रत्येक स्थूल महाभूतात निम्मा अंश त्याचा स्वतःचा, आणि उरलेला निम्मा इतर चार भूतांच्या प्रत्येकी अष्टमांशाने भरलेला, पृथ्वीत आकाश आहे, अग्नीत जल आहे. हे वेदान्ताचे गणित त्यांनी गोरगरिबांच्या अंगावर असते त्या पासोडीवर उतरवले, ही गोष्ट मला अतिशय हृद्य वाटते. प्रेम नसते तर इतके कष्ट कोण घेता? आणि विवेक नसता तर ते प्रेम पहिल्या भरतीनंतर ओसरले असते. भावातही बुद्धीचा अष्टमांश असतोच. तो काढून घेतला तर उरते ती भक्ती नव्हे, अंगात आलेला आवेग.

कीर्तनपरंपरेने हेच जाणून पूर्वरंगात तत्त्वनिरूपण आणि उत्तररंगात आख्यान, असा क्रम बांधून दिला. अलीकडे आमच्याकडील उत्सवांतून पूर्वरंग आटोपता घेण्याची सूचना बुवांना आधीच दिली जाते, याचे मला मनापासून दुःख होते. यजमानांनी घड्याळ थोडे बाजूला ठेवावे. मुले पेंगत असतील तर पेंगू द्यावीत, पण बुवांना त्यांचा अभंग शेवटच्या पदापर्यंत उकलू द्यावा.