शिल्लक युनिटं

घरच्या छतावर सोलर बसवलं, तेव्हा मी अम्मीला सांगितलं होतं की उरलेली वीज आपण विकणार आहोत. तेव्हापासून दर महिन्याला बिल आलं की ती चष्मा पुसत एकच विचारायची, "बिकी क्या?"

विचारायचा तिला हक्क होता, कारण पैसे तिचे होते.

'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' फेब्रुवारी 2024 मध्ये आली. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे 30,000 रुपये अनुदान आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला एकूण 78,000. त्यापुढे कितीही वाढवा, अनुदान तेवढंच. शिवऱ्यातलं आमचं घर महामार्गापासून थोडं आत आहे. स्लॅब मोकळा, सावली पडेल असं जवळपास काही नाही. बँकेचं कर्ज कमी व्याजात मिळत होतं, पण व्याज म्हटल्यावर अम्मीने कानावर हात ठेवले. "सूद का पैसा छत पे नको," म्हणाली आणि कपाटातून उमऱ्यासाठी साठवलेले पैसे काढून दिले. कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी. अट एकच: बिलात जे वाचेल ते दर महिन्याला तिच्या डब्यात जमा करायचं. तिचं वय तेव्हा एकाहत्तर.

आमचा वापर महिन्याला सरासरी दोनशे युनिट. एक किलोवॅट रोज साधारण चार युनिट वीज देतं, म्हणजे दोन किलोवॅटमध्ये आमचं भागत होतं. हा गुणाकार मी पाचवीच्या मुलांना सांगितला असता तर त्यांनीही केला असता. पण विक्रेत्याने समोर बसून दुसरंच गणित मांडलं. "सर, तीन घ्या. उरलेली वीज सरकार विकत घेतं. तुम्ही आता ग्राहक नाही, उत्पादक!" उत्पादक हा शब्द मला आवडला. वीस वर्षं खडू धरणाऱ्याला कोणी उत्पादक म्हणत नाही.

तीन किलोवॅट बसले. एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार गेले, अनुदान परत आल्यावर एक लाख दहा हजार अम्मीचे राहिले.

नेट मीटर लागला तो नोव्हेंबरमध्ये. हा मीटर दोन्हीकडे मोजतो, बाहेरून आत आलेली वीज वेगळी आणि आतून बाहेर गेलेली वेगळी. महाराष्ट्रात याचे नियम राज्य विद्युत नियामक आयोगाने पहिल्यांदा 2015 मध्ये केले, मग 2019 मध्ये नवे आणले. ते मी वाचले, पण पॅनल बसल्यानंतर. तेव्हा कळलं की यात विक्री जवळजवळ नाहीच. दिवसा तुम्ही तारेवर युनिट ठेवता, रात्री तेवढंच परत घेता. युनिटाला युनिट. यात उरेल ते पुढच्या महिन्यात जातं, आणि असं करत करत 31 मार्च येतो. त्या दिवशी जे शिल्लक असेल ते कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने घेते. आपण वीज घेताना जो दर मोजतो, त्याच्या जवळपासही हा दर नसतो. शिल्लक शून्य होते आणि नवं वर्ष सुरू होतं.

आपल्याकडे याला विक्री म्हणत नाहीत, उसनवारी म्हणतात. वाटीभर साखर नेली, वाटीभर आणून दिली. वाटी भरून दिली म्हणून कोणी पैसे मागत नाही. विजेच्या बिलावरचे शब्द मी एकदा फळ्यावर लिहिले होते: जमा, बाकी, रक्कम, तारीख, मुदत. उर्दूच्या तासाला लिहिले काय आणि मराठीच्या तासाला लिहिले काय, खोडायची गरज नाही. सगळे अरबीतून आलेले आणि दोन्ही घरांत नांदणारे. फक्त 'उसना' मराठीचा. त्यात जी ओळखीची ऊब आहे ती 'उधार'मध्ये नाही, असं मला वाटतं. उर्दू शिकवणाऱ्याने हे बोलू नये, पण वाटतं.

तर, बिल शून्याच्या जवळ आलं. स्थिर आकार राहतोच, तो कोणालाच चुकत नाही. महिन्याला सतराशे वाचू लागले आणि डब्यात पडू लागले. पण मी वहीत भागाकार केला. एक लाख दहा हजारांना पाच वर्षांच्या वर लागणार होती. दोनच किलोवॅट घेतले असते, तर अनुदान जाऊन सत्तर हजार फिटायचे होते आणि तेवढ्याच बचतीत ते साडेतीन वर्षांत फिटले असते. तिसऱ्या किलोवॅटने माझ्या अम्मीच्या उमऱ्याची जवळजवळ दोन वर्षं खाल्ली. वही मी बंद करून ठेवली. तिला दाखवली नाही.

जानेवारीत एका दुपारी लाइट गेली. बाहेर लख्ख ऊन, छतावर तीन किलोवॅट आणि घरात पंखा बंद. शेजारच्या काकू दारातूनच हसल्या, "सर, तुमचा सूर्य पण गेला का?" लाइन बंद झाली की इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या गंभीर झाल्या. त्यांचा भाचा त्याच कामावर आहे.

मग त्यांनीच विचारलं, "जास्तीची आहे म्हणता, तर एक वायर आमच्याकडे टाका की. दोन बल्ब अन् पंखा."

काकूंचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. त्यांच्या नि आमच्या भिंतीत चार हात अंतर. मी नाही म्हणालो. मंजूर जागेबाहेर वीज नेली तर तो विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो. मी हे सगळं कलमासकट सांगितलं आणि सांगतानाच ओशाळलो. कारण खरी गंमत अशी की दिवसा आमच्या छतावरून बाहेर पडणारी वीज फार लांब जातच नाही. तारेवर जो जवळ असतो तो ती वापरतो. म्हणजे दुपारी काकूंचा पंखा बहुतेक आमच्याच विजेवर फिरत होता, फक्त त्याचं बिल त्या पूर्ण दराने भरत होत्या.

घरी आल्यावर अम्मीला हे सांगितलं. आणि मग जे लपवलं होतं तेही सांगितलं. वही पुढे केली. तिने आकडे पाहिले नाहीत. "इत्ती लेके करना क्या था?" एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तार बाहर नहीं जाती ना? तो वहिनी अंदर आयेगी."

आमच्याकडे घरघंटी आहे, लग्नात बायकोला मिळालेली. आजवर बिलाच्या भीतीने ती सणालाच चालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काकू ज्वारीचा डबा घेऊन आल्या. "भाभी, दळण किती रुपयांनी?" अम्मीने त्यांना असं पाहिलं की त्यांनी परत विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या बिलावर शिल्लक 512 युनिट दिसत होती. मार्च लागला आणि 2 तारखेपासून रोजे सुरू झाले. दिवसा चूल बंद, मिक्सर बंद, सगळा वापर सहेरीला आणि इफ्तारनंतर. ऊन मात्र चढत होतं. शिल्लक वाढतच गेली. घरघंटी बिचारी किती खाणार? तिला तासाला धड एक युनिटही लागत नाही. पण त्या महिन्यात ती रोज चालली. पुढे काकूंच्या मागून आणखी दोन घरं आली.

त्या वर्षी गुढीपाडवा 30 मार्चला होता, ईद 31 ला. आणि विजेचं वर्ष त्याच दिवशी संपत होतं. आदल्या दोन दिवसांत पुरणपोळीचा गहू आणि आमचा ईदचा गहू एकामागून एक दळला गेला. अम्मीचा रोजा होता. नाकातोंडाला ओढणी बांधून ती घरघंटीशेजारी स्टुलावर बसून होती, कारण दळण जाड पडलेलं तिला चालत नाही, दुसऱ्याचंही नाही. पाड्व्याच्या दुपारी काकूंनी पुरणपोळ्यांचं ताट झाकून आणलं. "इफ्तारला," म्हणाल्या.

शिल्लक युनिटांचे पैसे नंतरच्या बिलात वळते झाले. दोन हजारांच्या आतच.

"बिकी क्या?" अम्मीने विचारलं.

"बिकी," मी म्हणालो आणि आकडा सांगितला. तिने तो डब्यातल्या वहीत सतराशेच्या खाली लिहून घेतला. मग आत जाऊन घरघंटीची जाळी बदलली. काकूंना या वेळी रवा काढायचा होता.