वेष पालटलेली अक्षरे

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव प्रसिद्ध आहे. या गावाचे नाव कोणी ‘पलही’ असे लिहिले, तर वाचणारा बुचकळ्यात पडेल. येथे प्रत्येक व्यंजनाच्या जागी वर्णमालेतील त्याच्या पुढचे व्यंजन घातले आहे; मात्रा तेवढ्या तशाच ठेवल्या आहेत. हा नियम ज्याला ठाऊक आहे, त्याने एकेक घर मागे यावे, की नरसी पुन्हा प्रकट होते. याच रीतीने ‘नामदेव’ हा शब्द ‘पायधेश’ होतो.

अक्षरांची अदलाबदल क्रमानेच केली पाहिजे, असे नाही. कोणत्याही अक्षरासाठी कोणतेही अक्षर योजावे. मात्र लिहिणारा आणि वाचणारा यांच्याजवळ एकच कोष्टक असले पाहिजे. ते कोष्टक हीच या कुलपाची किल्ली होय.

परंतु हे कुलूप फारसे मजबूत नाही. अक्षरे वेष पालटतात. चाल पालटत नाहीत. मराठी लेखनात ‘त’, ‘न’, ‘र’ ही अक्षरे पावलोपावली भेटतात, तर ‘ढ’ क्वचितच दिसतो. ‘आहे’ हा शब्द कसाही नटला, तरी वाक्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा येऊन आपली ओळख देतो. कोणते अक्षर किती वेळा आले हे मोजून गुप्त लेख उकलण्याची युक्ती नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी या विद्वानाने लिहून ठेवली.

महाराष्ट्रात अशा लेखनाचा मोठा वापर महानुभाव पंथाने केला. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या. पुढे चौदाव्या शतकापासून पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. पवित्र वचने परक्यांच्या हाती पडू नयेत, ही त्यामागील भावना होती. ग्रंथ सुरक्षित राहिले. पण मराठीचे हे आद्य गद्य बहुसंख्य मराठी माणसांना शतकानुशतके अपरिचितच राहिले.

महंतांनी पोथ्यांबरोबर त्यांची किल्लीही जपली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या परिश्रमांमुळे हे धन सर्वांपुढे आले. आपल्याच भाषेतील, पण परकी वाटणारी अक्षरे पुन्हा बोलू लागली.

कुलूप ठेव्याचे रक्षण करते खरे. परंतु किल्ली पुढच्या पिढीच्या हाती पोचली, तरच तो ठेवा ठेवा राहतो.