सुहैलीची चाल

आर्वीहून समुद्र कोणत्याच बाजूने जवळ नाही. पाणी म्हटले की आमच्यापुढे वर्धा नदी येते, कौंडण्यपूरचा घाट येतो, फार तर धनोडीचे धरण. शिडाची नाव आम्ही पहिल्यांदा पाहिली ती बी.एड. झाल्यावर मुंबईला गेलो तेव्हा, गेटवेजवळ, दुरून. (घरात 'हम' म्हणायची सवय, म्हणून मराठीतही 'आम्ही'च येते. वाचकांनी मोठेपणा समजू नये.)

तरी २०२५ च्या जूनमध्ये आमच्या घरात नावेवरून भांडण झाले.

दिलना के. आणि रूपा ए. या नौदलातल्या दोन अधिकारी 'तारिणी' नावाच्या शिडाच्या नावेतून आठ महिन्यांत पृथ्वीला फेरी घालून २९ मे रोजी गोव्याला परतल्या होत्या. आमच्या मुलीने ती बातमी कापून वहीत चिकटवली आणि जेवताना विचारले, "अब्बू, शर्यतीची नाव चांगली की लांबच्या प्रवासाची?"

आम्ही घास गिळेपर्यंत तिच्या अम्मीने उत्तर दिले, "शर्यतीची. मागे राहणाऱ्याला कोण विचारतं?"

मुलगी नववीत गेली होती. नागपूरच्या एका क्लासचा फॉर्म कपाटावर पडून होता. आतापासून नीटची तयारी, होस्टेल, उर्दू सोडून इंग्रजी माध्यम. फी आमच्या चार-पाच महिन्यांच्या पगाराएवढी. त्यामुळे प्रश्न नावेपुरता राहिला नाही, हे तिघांनाही कळले होते.

मास्तरांना उत्तर येत नसेल तर ते वाचायला बसतात. आम्हीही बसलो. शर्यतीच्या नावेचा वेग बराचसा वजन कमी करून मिळवलेला असतो. अंग हलके, कार्बन फायबरचे. डोलकाठी उंच, शिडे मोठी, तळाचा कणा अरुंद आणि खोल. आत सामान जेमतेम. वारा बदलला की शिडे बदलायला हात तयार हवेत, चूक झाली तर ती झटकन उलट्या अंगावर येते. प्रवासाची नाव जड. तिच्यात पाण्याच्या टाक्या, महिनोन् महिन्यांचे धान्य, चूल, झोपायला जागा. जुन्या धर्तीच्या नावेचा कणा लांबलचक असतो, म्हणून ती धरलेली दिशा सहजी सोडत नाही. माणूस थकला, झोपला, तरी सांभाळून घेते. 'तारिणी' या दुसऱ्या जातीची, गोव्यातच बांधलेली, १७ मीटरांची. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले, तेही चार ठिकाणी थांबत.

पण आम्हाला खरे सापडले ते 'सुहैली'. ही ३२ फुटी नाव मुंबईत, कुलाब्याला बांधली गेली आणि १९६४ च्या अखेरीस पाण्यात उतरली. सागवानाची, आपल्याकडच्या सुतारांच्या हातची. मालक इंग्रज, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. नाव मात्र अरबी खलाशांकडून घेतलेले. आखातातल्या आग्नेय वाऱ्याला ते सुहैली म्हणत. वर्गात हे सांगितले तेव्हा आमचे दोन्ही सुहैल ताठ बसले.

१९६८ साली एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी मारण्याची पहिली शर्यत लागली. नॉक्स-जॉन्स्टनला नवी, मोठी, वेगवान नाव हवी होती. पैसा कोणी दिला नाही. म्हणून तो हीच घेऊन निघाला. वाटेत तळातून पाणी झिरपू लागले, तेव्हा पाण्यात बुडी मारून त्याने फटीत कापूस ठोकून बसवला. (आर्वीच्या माणसाला हे वाक्य दोनदा वाचावे लागते.) पुढे रेडिओ बंद पडला, आपोआप दिशा धरणारे यंत्र मोडले. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी तो परतला. सरासरी वेग ताशी चार सागरी मैल, म्हणजे साडेसात किलोमीटरांच्या आत. आमची बंद पडलेली पुलगाव-आर्वी छोटी गाडीसुद्धा यापेक्षा जोरात जायची. नऊ जण निघाले होते, पोहोचला हा एकच.

त्यातला नायजेल टेटली जवळजवळ घरी आला होता. त्याची तीन सांगाड्यांची नाव वेगवान होती, पण खिळखिळी झालेली. डोनाल्ड क्रोहर्स्ट पाठीवर आहे असे समजून त्याने ती दामटली आणि ती बुडाली. टेटली वाचला. क्रोहर्स्टने तर अटलांटिक सोडलाच नव्हता. तो खोटे ठावठिकाणे कळवत होता. जुलैमध्ये त्याची रिकामी नाव सापडली, तो नाही. जो मागे नव्हताच त्याच्या धाकाने एक नाव बुडाली, हे आम्ही मुलीच्या अम्मीला जरा जोरातच वाचून दाखवले.

ती गप्प राहणाऱ्यातली नाही. दोन दिवसांनी तिने मोबाईल आमच्यापुढे धरला. २०१८ साली त्याच शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त पुन्हा तशी शर्यत झाली. जुन्या धर्तीच्या, लांब कण्याच्या नावांनाच परवानगी. अभिलाष टॉमी 'थुरिया' घेऊन उतरले. ती 'सुहैली'चीच प्रतिकृती, गोव्यात बांधलेली. हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

"तुमची जड नावसुद्धा मोडली ना?"

मोडली. आम्हाला कबूल करावे लागले.

"आणि पुढचं वाचा. पुढच्या वेळी ते परत गेले, दुसरे आले. शर्यतीतच गेले ना?"

हेही खरे होते. २०२३ चा एप्रिल. पहिली आली ती कर्स्टन न्यूशेफर, दक्षिण आफ्रिकेची. शर्यत होती, पण नावा प्रवासाच्या. आम्ही दोघे फोनकडे पाहत बसलो. मुलगी म्हणाली, "मग भांडता कशाला? दहावीपर्यंत मी इथेच शिकते. नंतर नागपूर."

फॉर्मची तारीख निघून गेली. विज्ञानाची इंग्रजी पुस्तके अम्मीने स्वतः वर्ध्याहून आणली. मगरीबनंतर मायलेकी तासभर ती घेऊन बसतात, एक परिच्छेद उर्दूत, एक इंग्रजीत. त्या तासाला आम्हाला खोलीत प्रवेश नाही. चहा तेवढा दारापर्यंत नेऊन द्यायचा.