तू कुणावर गेलास?

मी पाटसला प्राथमिक शाळेत शिकवते. दौंड तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं हे गाव. तुकोबांची पालखी इथूनच रोटीच्या घाटाला लागते.

एकदा चौथीच्या वर्गात मी विचारलं, "'तो वडिलांवर गेलाय' हे इंग्रजीत सांगा बरं!" एक हात चटकन वर आला. "ही वेंट ऑन हिज फादर!"

आता ऐकणाऱ्या इंग्रजाला वाटायचं, पोरगं बापाच्या अंगावरच चढलं! इंग्रजीत म्हणायचं, "ही टेक्स आफ्टर हिज फादर." 'टेक' म्हणजे घेणे, 'आफ्टर' म्हणजे नंतर, पण दोघं एकत्र आले की अर्थ होतो, रूपानं किंवा स्वभावानं घरातल्या मोठ्या माणसासारखं असणं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नातू आजोबांवर जातो, आजोबा नातवावर जात नाहीत! भाऊ भावासारखा दिसत असेल तर 'लुक्स लाइक' म्हणा. आणि 'लुक लाइक' फक्त दिसण्याचं. 'टेक आफ्टर'मध्ये गुणही आले. विजय मांजरेकर आणि त्यांचा मुलगा संजय, दोघेही भारताकडून कसोटी खेळलेले फलंदाज. संजयबद्दल खुशाल म्हणा, "ही टेक्स आफ्टर हिज फादर."

मग चुळबुळ करणाऱ्या एका मुलाला मी सहज विचारलं, "काय रे, तू कुणावर गेलास?" मागून कुणीतरी ओरडलं, "बापावर!" वर्ग हसला. त्यानं मान खाली घातली. त्याच्या वडिलांविषयी गावात काय बोलतात, ते मला ठाऊक होतं. चूक माझीच होती.

मधल्या सुट्टीत मी त्याच्याजवळ बसले. "घरी कोण कोण असतं रे?"

"आजी. ती गोधड्या शिवते. एक टाका वाकडा जात नाही तिचा."

मी त्याची वही उघडली. अक्षर कसं, एका ओळीत, टपोरं! म्हटलं, "मग हे अक्षर कुणावर गेलंय?" तो वहीकडे बघतच राहिला.

पालकहो, "बापावर गेलाय" हे आपण बहुतेकदा चिडून म्हणतो. कधीतरी कौतुकानंही म्हणून बघा.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीत एक वाक्य होतं, "आय टेक आफ्टर माय ग्रँडमदर." 'आय'नंतर 'टेक'च, 'टेक्स' नाही. मी न सांगताच त्यानं बरोबर लिहिलं होतं!

मुलांनो, तुम्ही कुणावर गेलात? आज घरी विचारा, आणि एक वाक्य वहीत लिहा.