गंज आणि पाट्या

पडक्या वास्तूचे सौंदर्य बहुधा बाहेरून येणाऱ्यालाच जाणवते. आत वावरणाऱ्याच्या वाट्याला येते ती गळती. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शनचे जिने चढणाऱ्या एका हौशी छायाचित्रकाराला ह्याचे भान नव्हते.

हे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने मुंबईस आणण्यात आला. 7 जुलै 1896 रोजी ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे भारतात प्रथम दाखवली गेली ती येथेच. पुढे हॉटेल बंद पडले. खोल्यांतून वकिलांची कार्यालये आली, लहान दुकाने आली. 2005 साली सज्जांचा काही भाग कोसळून एकाचा मृत्यूही झाला.

छायाचित्रकाराने गंजलेले खांब टिपले, झिजलेल्या पायऱ्या टिपल्या. दारांवरच्या नावांच्या पाट्या, लोंबणाऱ्या तारा, वाळत घातलेला पंचा हे सारे मात्र त्याने कटाक्षाने चौकटीबाहेर ठेवले. एका कार्यालयाच्या दाराशी बसलेले वृद्ध कारकून हे निमूटपणे पाहत होते. अखेर ते म्हणाले, “साहेब, गंजाचे एवढे फोटो काढलेत, एखादा पाट्यांचाही काढा. गंज कुठे जात नाही, पाट्या जातील.” तो हसला आणि वरच्या मजल्याकडे वळला.

2019 साली उच्च न्यायालयाने ही धोकादायक इमारत रिकामी करण्याचा आदेश दिला. त्यानंतर त्याने आपली छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली. प्रकाश उत्तम होता, रचना निर्दोष होती. आणि त्या इमारतीत कधी कोणी वावरलेच नसावे, असे प्रत्येक चित्र सांगत होते.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हेही मूळचे छायाचित्रकारच. वॉटसन हॉटेलातील त्या खेळानंतर तीनच वर्षांनी, 1899 मध्ये, त्यांनी हँगिंग गार्डन येथे चलच्चित्राचा कॅमेरा रोखला तो झुंजणाऱ्या दोन मल्लांवर. माणसे त्यांना अडचणीची वाटली नाहीत.

वास्तूची उपेक्षा केवळ डागडुजी टाळणारा मालक करतो असे नाही. तिच्यातील माणसे वगळून तिच्यावर प्रेम करणाराही ती करतच असतो. त्या साऱ्या संग्रहात एकाच चित्राच्या कडेला, नजरचुकीने, एका पाटीचे टोक आले आहे. त्यावर अडीच अक्षरे दिसतात. नाव लागत नाही.