काचेपलीकडची मायबोली

माझे घर रोह्याला, कॉलेज पेणला. संध्याकाळची गाडी चुकली की आईचा फोन येतो. "जेवलास का रे?" एवढेच ती विचारते, पण तेवढ्याने जिवाला बरे वाटते.

अशा वेळी कुलभूषण जाधवांच्या आईची आठवण होते. मार्च २०१६ पासून जाधव पाकिस्तानच्या कैदेत आहेत. २५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबादेत आई व पत्नी त्यांना भेटल्या. मध्ये काच, बोलणे इंटरकॉमवरून. आई मायबोलीत बोलू लागली, तेव्हा तिला वारंवार अडवले, असे भारत सरकारने दुसऱ्या दिवशी जाहीर केले.

वकिलाचीही तीच गत. परदेशी बंद्याला आपल्या वकिलातीशी संपर्क साधू द्यावा, वकिलातीला त्याच्यासाठी वकील नेमता यावा, असे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचे ३६ वे कलम सांगते. ती संधी न देताच लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये फाशी सुनावली. कलमाचा भंग झाला, असा निवाडा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला.

हे कलम आपल्या तुरुंगांतील परक्या मुलखाच्या माणसांनाही लागू आहे. त्यांच्याही आया कुठेतरी वाट पाहत असतील. गुन्हा खरा की खोटा, ते न्यायालय ठरवील. पण मायलेकरांनी आपल्या भाषेत चार शब्द बोलल्याने कोणत्या राज्याचे तट ढासळतात?